स्टोव्ह नीट होता का?

‘स्टोव्हचा भडका उडून विवाहिता भाजली.’ खानदेशात काम करणाऱ्या कोणत्याही कार्यकर्तीने हे वाक्य वर्तमानपत्रात, पोलिसांच्या कागदात, इस्पितळाच्या केसपेपरवर आणि सासरच्या ओसरीवर इतक्यांदा वाचले-ऐकले आहे की ते आता कानाला टोचेनासे झाले आहे. या वाक्याची रचना एकदा नीट पाहा. करणारा कोण? स्टोव्ह. झाले कुणाला? बाईला. घरातली बाकीची माणसे त्या वाक्यात नाहीतच. अहिराणीत तर आणखी थोडक्यात भागते : ‘इस्टो भडकना.’ पुढे विचारायचे काही उरतच नाही.

आपल्या चळवळीत या स्टोव्हची चर्चा बहुधा दोन टोकांना होत आली. एक टोक म्हणते, स्टोव्ह हे फक्त निमित्त, प्रत्येक भाजणे हा खूनच. दुसरे टोक सरकारी भिंतीपत्रकांचे : बायकांनी सुती कपडे घालावेत, पदर खोचावा, काळजी घ्यावी. पहिल्यात संताप आहे आणि तो खरा आहे. दुसऱ्यात उपदेश आहे. पण दोन्हींमध्ये तो स्टोव्ह मात्र कोपऱ्यात पडलेलाच राहतो. तो एक यंत्र आहे, त्याला भाग आहेत, त्याची निगा राखावी लागते, ती निगा कुणीतरी राखते आणि कुणीतरी राखू देत नाही, याबद्दल आपण फारसे बोलत नाही. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात मला कायदा शिकवला, समुपदेशन शिकवले. स्टोव्ह मला जळगाव आणि धुळ्याच्या वस्त्यांमधल्या बायकांनी शिकवला, आणि न्यायाच्या कामात तो मला पुस्तकांइतकाच उपयोगी पडला आहे.

तेव्हा आधी यंत्राविषयी. पंपाचा स्टोव्ह मूळचा स्वीडनचा. १८९२ साली स्टॉकहोमच्या फ्रान्स लिंडक्विस्टने काजळी न धरणारा रॉकेलचा स्टोव्ह तयार केला, तोच ‘प्रायमस’. आपल्याकडे पुढे कोणत्याही पंपाच्या स्टोव्हला लोक प्रायमसच म्हणू लागले. खाली पितळेची टाकी. तीत पंपाने हवा भरली की दाबामुळे रॉकेल नळीतून वर चढते. वरचा बर्नर आधी काकड्याने तापवलेला असतो. त्या उष्णतेने रॉकेलची वाफ होते, वाफ निपलच्या केसाएवढ्या भोकातून जोराने निघते, हवेत मिसळते आणि निळी जळते. सगळी गोम ‘तापवलेला’ या शब्दात आहे. बर्नर पुरता तापायच्या आत पंप मारला तर वाफेऐवजी पातळ रॉकेल उडते आणि पिवळी ज्वाळा हातभर वर जाते. भडका म्हणतात तो हा. टाकी फुटणे ही अगदी वेगळी गोष्ट आहे, आणि या दोन गोष्टी कागदावर सर्रास एकच करून टाकल्या जातात. वातीच्या स्टोव्हचे तिसरेच. इंडियन ऑईलच्या संशोधन केंद्राने काढलेला ‘नूतन’ घ्या किंवा बाजारातला कोणताही घ्या, त्यात पंप नाही, दाब नाही, रॉकेल वातींतून आपसूक वर चढते. तो उलटू शकतो, खालून पेटू शकतो, पण पंपाच्या स्टोव्हसारखा दाबाने फुटत नाही.

निगा म्हणाल तर फार मोठी नाही. निपलच्या भोकात काजळी बसते, ती पिनेने काढायची. पिन जाड असेल तर भोकच मोठे होते आणि मग ज्योत कायमची बिघडते. पंपाच्या दांड्याला आत चामड्याचा वॉशर असतो. तो सुकला की पंप हवा धरत नाही, मग बाई दुप्पट पंप मारते. त्याला तेलाचा थेंब द्यावा, तरीही न जमल्यास बदलावा. टाकीच्या झाकणाचा वॉशर कडक झाला की तिथून वाफ आणि रॉकेल झिरपते, आणि हे झिरपणे ज्योतीपासून वीतभर अंतरावर चाललेले असते. रॉकेल गाळून भरावे, टाकी काठोकाठ भरू नये, पेटत्या किंवा गरम स्टोव्हमध्ये कधीही ओतू नये, विझवताना हवेचा स्क्रू सैल करून दाब सोडावा. वातीच्या स्टोव्हला वाती सारख्या कातरलेल्या हव्यात, जळून आखूड झाल्या की सगळ्या एकदम बदलायला हव्यात. एवढेच. एका दुपारच्या बैठकीत शिकता येते.

मग हे होत का नाही? इथे आपला खरा विषय सुरू होतो.

घराघरांतून पाहिले तर स्टोव्हचे काम सरळ दोन भागांत वाटलेले दिसते. टाकी राखेने, चिंचेने घासून लखलखीत ठेवायची ती बाईने. चारचौघांत स्टोव्ह काळा दिसला तर बोलणी खायची तीही तिने. पण झाकण उघडणे, बर्नर पान्याने सोडवणे, वॉशर बदलणे हे ‘रिपेरी’चे काम, आणि रिपेरी पुरुषाची. ‘ते माणसस्नं काम शे, ताई,’ असे मला अनेकींनी सांगितले आहे, ज्यांचा स्टोव्ह चार महिने झिरपत होता त्यांनीही. म्हणजे जे दिसते ते तिचे काम आणि ज्यावर जीव अवलंबून आहे ते त्याचे काम, जे तो करत नाही. केळीच्या बागेतली मोटर बंद पडली तर रात्री अकराला मेकॅनिक गाडीवर बसवून आणला जातो. मोटरसायकलच्या सर्व्हिसिंगची तारीख घरातल्या पोरांनाही पाठ असते. स्टोव्हच्या वॉशरला पैसे मागितले की ‘मागच्या महिन्यात पिना आणल्या होत्या ना’ असा हिशेब निघतो. आपण श्रमविभागणीबद्दल शिबिरांत तासन् तास बोलतो. तिचे याहून स्पष्ट चित्र मला दुसरे सापडलेले नाही.

अपघात होतच नाहीत असे माझे म्हणणे नाही. तसे म्हणणाऱ्या कार्यकर्तीवर कोर्टात कुणी विश्वास ठेवत नाही आणि ठेवूही नये. रॉकेलची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकेल असे तापमान भारतीय मानकाप्रमाणे निदान ३५ अंश सेल्सियस असावे लागते. आता मे महिन्यातले भुसावळ आठवा. पत्र्याखालच्या खोलीत, पंचेचाळीस अंशांच्या दुपारी, तोंड उघडे राहिलेला रॉकेलचा डबा स्टोव्हशेजारी असतो. त्यात पेट्रोलची भेसळ असेल तर विचारायलाच नको. स्टोव्ह जमिनीवर, बाई उकिडवी, साडीचा घोळ ज्योतीच्या उंचीला. आणि साडी कुठली? सुरत-भुसावळ रेल्वेने सुरतेचा बाजार आपल्या दारात आणला. स्वस्त, धुवायला सोपी, लवकर वाळणारी साडी मजूर बाईला परवडते म्हणून ती नेसते. ते कापड जळताना वितळते आणि कातडीला चिकटते. ‘सुती नेसा’ म्हणणाऱ्यांनी सुती साडीची किंमत एकदा शेतमजुरीच्या रोजाशी ताडून पाहावी. अपघातालाही वर्ग असतो आणि लिंग असते.

पण नुसत्या अपघाताने एक गोष्ट उलगडत नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २००९ साली एक अभ्यास आला. त्यातल्या अंदाजाप्रमाणे २००१ या एका वर्षात भारतात आगीने सुमारे १ लाख ६३ हजार मृत्यू झाले, त्यांत सुमारे १ लाख ६ हजार स्त्रिया होत्या, आणि त्यांतल्या बहुसंख्य १५ ते ३४ या वयातल्या. तरुण पुरुषांच्या तुलनेत तरुण स्त्रियांचे मृत्यू तिप्पट. हा आकडा पोलिसांच्या नोंदीच्या सहापट होता. आकडे जुने आहेत हे खरे, पण प्रश्न जुना झालेला नाही. स्वयंपाक सासूही करते, नणंदही करते, हॉटेलात आणि टपरीवर तर दिवसभर पुरुषच स्टोव्हपुढे असतात. स्टोव्ह माणूस ओळखून भडकत नाही. मग लग्न होऊन थोडी वर्षे झालेल्या सुनाच एवढ्या का जळतात?

१९७९ च्या जूनमध्ये दिल्लीत ‘स्त्री संघर्ष’ने तरविंदर कौरच्या मृत्यूविरुद्ध सासरच्या घरावर मोर्चा नेला, तेव्हा तिने मरताना केलेले निवेदन बाजूला ठेवून पोलिसांनी आत्महत्येची नोंद केलेली होती. त्या काळच्या आंदोलनांतूनच पुढे कायदे बदलले. १९८३ साली ४९८-अ आले, १९८६ साली हुंडाबळीचे ३०४-ब आले. १९८३ च्याच दुरुस्तीने लग्नानंतर सात वर्षांच्या आतल्या संशयास्पद मृत्यूत शवविच्छेदन आणि दंडाधिकाऱ्याची चौकशी बंधनकारक झाली. १ जुलै २०२४ पासून ही कलमे नव्या संहितांत गेली आहेत : क्रूरतेचे ८५ आणि ८६, हुंडाबळीचे ८०, तर मृत्यूच्या चौकशीचे नागरिक सुरक्षा संहितेतले १९४ आणि १९६. आकडे बदलले, आशय बराचसा तोच आहे. त्यातली एक तरतूद माहेरच्या माणसांना सांगायला विसरू नका. सात वर्षांच्या आतला मृत्यू असेल आणि मुलीच्या कोणाही नातेवाइकाने मागणी केली, तर शवविच्छेदनासाठी पाठवावेच लागते. ‘आता कशाला चिरफाड’ असे म्हणून घाईने अग्नी देण्याचा आग्रह कोण धरतो आहे, तेही त्या वेळी पाहून ठेवावे.

कायदा असला तरी खटला उभा राहतो तो पंचनाम्यावर आणि जबानीवर. पंचनाम्यात स्टोव्ह अनेकदा एका ओळीचा धनी असतो : ‘एक पितळी स्टोव्ह, जुना वापरता.’ या एका ओळीच्या दहा ओळी करणे हे काम कार्यकर्तीला जमण्यासारखे आहे. स्टोव्ह पंपाचा की वातीचा? वातीचा स्टोव्ह आणि ‘पंप मारताना फुटला’ हे दोन्ही एकाच कागदावर आले तर तिथेच बोट ठेवावे. फुटला म्हणतात तर टाकी फाटलेली, फुगलेली, सांध्यात उकललेली आहे का? झाकण जागेवर आहे का, हवेचा स्क्रू सैल आहे की घट्ट, टाकीत रॉकेल किती, निपल तुंबलेले आहे का, वॉशर कसे आहेत? स्टोव्हवर भांडे होते का, त्यात काय होते? कणीक मळलेली, भाजी चिरलेली दिसते का, की रात्री दोन वाजता चहा करायला उठली होती म्हणतात? रॉकेलचा डबा कुठे पडला आहे, त्याचे झाकण कुठे? छतावर काजळी कोणत्या बाजूला? कडी आतून होती की बाहेरून? विझवायला धावलो म्हणणाऱ्यांपैकी कोणाचे हात भाजले आहेत? डोक्याच्या केसांना रॉकेलचा वास येतो का, आणि ते केस व उरलेले कपडे तपासणीसाठी राखून ठेवले का? खालच्या ज्योतीने पदर पेटणे आणि डोक्यावरून रॉकेल पडणे यांत फरक असतो.

इथे सावधपणाही हवा. यातली एकही खूण एकटी काही सिद्ध करत नाही. ज्वाळा वरच चढते, तेव्हा खालून पेटलेल्या बाईचाही चेहरा भाजतो. भडक्यात टाकी शाबूत राहते, म्हणून शाबूत टाकी दिसली की लगेच खून असेही होत नाही. आपले काम निकाल देण्याचे नाही, प्रश्न लिहून देण्याचे आहे. आणि हात न लावता. फोनवर फोटो काढा, वेळ लिहा, पंचनामा करणाऱ्या अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या की स्टोव्ह जप्त करून तज्ज्ञाकडून तपासावा. पोच घ्या.

जबानीचे दुखणे याहून खोल आहे. ‘स्टोव्ह भडकला’ हे वाक्य पुष्कळदा बाई स्वतःच सांगते. ती खोटे का बोलते असे विचारणारे लोक तिच्या खाटेशेजारी कधी उभे राहिलेले नसतात. औषधाचे पैसे सासरचे देत असतात. लेकरे सासरी असतात. आपण जगणार, आणि जगून त्याच घरात जाणार, असेच तिला वाटत असते. मग माहेरची येतात, दुसऱ्या दिवशी ती दुसरे सांगते, आणि कोर्टात वकील म्हणतो : दोन जबान्या, विसंगत, शिकवलेली. पहिलीच जबानी मोकळेपणी व्हावी, एवढ्यासाठी धडपडायला हवे. खोलीत नातेवाईक नकोत, सासरचे नकोत आणि माहेरचेही नकोत. तिच्या भाषेत विचारले जावे. चोपडा-यावलच्या किंवा शिरपूरच्या सातपुड्यातल्या पावरा बाईला मराठीत विचारून मराठीत लिहिलेले तिचे निवेदन कितपत तिचे? तिचेच शब्द प्रश्नोत्तरांत लिहावेत. ती शुद्धीवर आणि सांगण्याच्या स्थितीत असल्याचे डॉक्टरांनी लिहिलेले उत्तम. पण २००२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ‘लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात स्पष्ट केले आहे की केवळ डॉक्टरांचा दाखला नाही म्हणून जबानी फेकून देता येत नाही, ती शुद्धीवर होती याची घेणाऱ्याची खात्री पटलेली असली तर ती ग्राह्य धरता येते. हे माहीत असलेली कार्यकर्ती वॉर्डाच्या दाराशी वेगळ्या आवाजात बोलते.

आता माझ्या काही मैत्रिणींचा आक्षेप. त्या म्हणतात, तू बायकांना वॉशर बदलायला शिकवशील, उद्या वकील कोर्टात म्हणेल की हिला तर शिकवले होते, हिनेच हयगय केली. खुनाची जबाबदारी पुन्हा बाईवरच. आक्षेप हलका नाही. भिंतीपत्रकांनी नेमके हेच केले आहे. पण अज्ञानाने बाईचे संरक्षण झाल्याचे मी अजून पाहिलेले नाही. उलट ज्या वस्तीत बायकांना स्टोव्ह उघडता येतो, तिथे ‘भडकला’ म्हटल्यावर शेजारीण लगेच म्हणते, ‘परवाच तर आम्ही दोघींनी वॉशर घातला होता.’ हे वाक्य म्हणजे साक्ष आहे. निगा राखता येणारी बाई भडक्याच्या कथेवर सहज विश्वास ठेवत नाही, आणि हेच कित्येकांना गैरसोयीचे आहे. शिवाय घरात जिवाला धोका वाटणाऱ्या बाईला आम्ही वॉशर शिकवत बसत नाही, तिला आधी तिथून बाहेर काढतो. या दोन गोष्टींची गल्लत कोणी करू नये.

‘आता कुठे उरले स्टोव्ह?’ असेही विचारले जाते. बरोबर आहे. उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला सुरू झाली, आठ कोटीवी जोडणी सप्टेंबर २०१९ मध्ये आपल्याच औरंगाबादेत दिली गेली, आणि रेशनचे निळे रॉकेल आटत गेले. स्टोव्ह उरले आहेत ते हंगामाला बाहेरगावी जाणाऱ्या मजुरांकडे, भाड्याच्या खोल्यांत, टपऱ्यांवर. सातपुड्याच्या पायथ्याला पुष्कळ घरी सिलिंडर कोपऱ्यात झाकून ठेवलेले दिसते आणि भाकरी कपाशीच्या काड्यांवरच भाजली जाते, कारण भरलेले सिलिंडर पुन्हा आणणे परवडत नाही. जोडणी बाईच्या नावाने आहे, पैसे तिच्या हातात नाहीत. बातमीतले वाक्य मात्र नव्या काळाशी पटकन जुळवून घेते : ‘गॅसचा भडका उडून विवाहिता भाजली.’

म्हणून गॅसचेही तेच शिकायला हवे. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की जमिनीलगत साचतो, म्हणून खिडकी उघडी असून भागत नाही, दारही उघडावे लागते. विजेचे बटण चालू किंवा बंद करू नये. सिलिंडर घरी आले की टोपी काढून आतली रबरी रिंग आहे की नाही ते आणणाऱ्याच्या समोरच पाहावे. गळती साबणाच्या पाण्याने बघावी, काडीने नव्हे. नळीवर तारीख छापलेली असते, साधारण पाच वर्षांनी ती बदलायची असते. बर्नरची भोके बुजली की ज्योत पिवळी होते आणि भांड्यांना काजळी धरते, तेव्हा बर्नर काढून धुवावा. रात्री रेग्युलेटर बंद. आणि एक गोष्ट एजन्सीत कुणी आपणहून सांगत नाही : नोंद असलेल्या ग्राहकाच्या घरी सिलिंडरमुळे अपघात झाला तर तेल कंपन्यांचा विमा असतो. त्यासाठी वितरकाला ताबडतोब लेखी कळवावे लागते, आणि नळी व रेग्युलेटर प्रमाणित नसले की दावा अडतो. दावा आला की तपासणी होते. तपासणी झाली की यंत्राबद्दल कुणीतरी लेखी काही म्हणते. ‘भडका’ म्हणून मोकळे होणाऱ्यांना हा कागद आवडत नाही, एवढे ध्यानात ठेवा आणि तो जरूर मागा.

जळगाव आणि धुळे दोन्हीकडच्या गटांना माझी सूचना आहे की येत्या शिबिरात एक सत्र भाषणाचे कमी करावे आणि भंगारातून दोन जुने पंपाचे स्टोव्ह, एक वातीचा आणि एक गॅसची शेगडी आणावी. पाना, पक्कड, पिनांचे पाकीट, चामड्याचे दोन वॉशर, जुनी नळी. बायकांनी ते पूर्ण उघडावेत, प्रत्येक भागाला आपल्या बोलीत जे नाव आहे ते कागदावर लिहावे, आणि पुन्हा जोडावेत. पेटवायचे ते उघड्यावर, बादलीभर वाळू शेजारी ठेवून. भाजल्यास वाहते साधे पाणी वीस मिनिटे, टूथपेस्ट नाही, शाई नाही, हेही त्याच वेळी करून दाखवावे. दुपारी त्याच स्टोव्हचा पंचनामा गटागटाने लिहून पाहावा. एका गटाने टाकी शाबूत ठेवावी, दुसऱ्याने झाकण काढून ठेवावे, तिसऱ्याने वातीच्या स्टोव्हवर ‘पंप मारताना’ लिहावे, आणि बाकीच्यांनी चूक शोधावी. बोलीतल्या नावांची यादी मात्र जपून ठेवा, जबानी घेणाऱ्या अधिकाऱ्यांनाही ती देता येईल.